हिश्श्याचा दावा मुदतीत आहे का? वाटपाच्या तारखा कशा मोजायच्या

वाटपाच्या भांडणात दोन वाक्यं ठरलेली असतात. जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो म्हणतो, "बारा वर्षं होऊन गेली, आता कोर्टात जाऊन उपयोग नाही." आणि ज्याला हिस्सा मिळालेला नाही त्याला पारावर कुणीतरी सांगतं, "वडिलोपार्जित आहे ना? मग मुदत लागत नाही, कधीही टाक दावा." तालुका कोर्टात वाटपाचे दावे चालवताना या दोन्ही वाक्यांवर विसंबलेले पक्षकार मी पाहिले आहेत. पहिल्याला घाबरून घरी बसलेल्यांचा हिस्सा पुष्कळदा शाबूत असतो. दुसऱ्यावर निवांत राहिलेल्यांच्या फाईलमधून मात्र एखादा असा कागद निघतो, ज्याची मुदत बारा नव्हे, तीनच वर्षांची होती.

मुदत कायदा, १९६३ मध्ये "वाटपाचा दावा" असा एकच रकाना नाही. तुमच्या घरात काय घडलं, कधी घडलं आणि ते तुम्हाला कधी कळलं यावर कोणतं घड्याळ लागू होतं ते ठरतं, आणि एकाच कुटुंबात दोन-तीन घड्याळं एकाच वेळी चालू असू शकतात. पुढे लिहिलेलं महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांपुरतं आहे. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पनाच नसल्याने तिथे सहवारसांचा दावा म्हणूनच विचार होतो.

पहिलं काम: मिळकत कसली आहे?

आपल्याकडे बापाकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला वडिलोपार्जित म्हणायची सवय आहे. कायदा तसं म्हणत नाही. पणजोबा-आजोबांकडून चालत आलेली, कधीच वाटप न झालेली जमीन एकत्र कुटुंबाची. तिच्यात मुलाला जन्मतः हिस्सा असतो आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही. वडिलांनी नोकरीच्या पैशातून घेतलेला प्लॉट स्वकष्टार्जित. ते हयात असेपर्यंत त्यात कुणाचा हिस्साच नाही, तेव्हा मुदतीचा प्रश्नही नाही. ते मृत्युपत्र न करता गेले तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई असे वर्ग एकचे वारस येतात, आणि कलम १९ प्रमाणे जो तो आपापल्या हिश्श्याचा वेगळा मालक होतो.

हा फरक मुदतीसाठी लागतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून ज्याला वगळलं त्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद ११०: बारा वर्षं, आणि ती वगळल्याचं वादीला कळल्यापासून. कलम ८ ने आलेल्या मिळकतीत सहमालकाकडून कब्जा मागायचा तर अनुच्छेद ६५: बारा वर्षं, पण ती समोरच्याचा ताबा तुमच्या विरुद्ध झाल्यापासून. आकडा दोन्हीकडे तोच. मोजायला सुरुवात कुठून, हाच सगळा वाद.

मुलींबद्दल एक गैरसमज इथेच मिटवून टाकतो. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं की २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप, तसंच त्याआधीची विक्री, तो निकाल उकरून काढू देत नाही. "तोंडी वाटप झालं होतं" हा बचाव सहसा चालत नाही. सरकारी कागदांची भक्कम साथ असेल तरच अपवाद. हक्क आहे का, हा झाला एक प्रश्न. तो मागायची मुदत शिल्लक आहे का, हा दुसरा. २०२० च्या निकालाने पहिल्याचं उत्तर दिलं; दुसरा प्रश्न प्रत्येक बहिणीला आपापल्या कागदांवरून सोडवावा लागतो.

मग कागद, आणि ते जुन्यापासून

चालू सातबारा घेऊन येणारे बरेच, पण त्याने काम भागत नाही. सातबाऱ्यावर नावांखाली जे फेरफार (नाव बदलल्याच्या नोंदी) क्रमांक असतात, ते एकेक करून मागे जात काढायचे. तलाठी कार्यालय, तहसीलचा अभिलेख कक्ष आणि बऱ्याच जिल्ह्यांत 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने हस्तलिखित फेरफार स्कॅन करून ठेवलेले सापडतात. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका, शहरात प्रॉपर्टी कार्ड. जोडीला प्रत्येक गटाची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची यादी, तपासा. कुणी कधी काय विकलं, गहाण टाकलं किंवा सोडून दिलं ते तिथे दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे लोक टाळतात. पण निकाल बहुतेक वेळा इथेच लागलेला असतो.

जुना वारस फेरफार वाचायची एक पद्धत आहे. समजा नोंद अशी आहे: खातेदार मयत झाले, त्यांना मुलगे दोन व मुली दोन, मुली लग्न होऊन सासरी सुखाने नांदत आहेत, त्यांना हिस्सा नको असल्याचा जबाब दिला, सबब थोरल्या मुलाचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. शेवटी सर्कलचा, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याचा, "मंजूर" असा शेरा. यातल्या चार गोष्टी लाल पेनने अधोरेखित करा.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, कुठे ए.कु.क. किंवा ए.कु.पु. असंही लिहिलेलं असतं. ही तीन अक्षरं हिस्सा मागणाऱ्याच्या बाजूची आहेत. भावाचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलं होतं, त्याचा ताबा सगळ्यांचा होता, हे सरकारी दप्तरच सांगतं. पुढे केव्हातरी ती अक्षरं गळून भावाचं नाव नुसतं उरलेलं असतं. ते कोणत्या फेरफाराने झालं आणि त्याची नोटीस कुणाला गेली, तेही काढा. दुसरं, मुलींचा जबाब. त्याखाली सही किंवा अंगठा आहे का? असला, तरी तलाठ्यासमोरच्या जबाबाने स्थावरातला हिस्सा सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तिसरं, नोटीस बजावल्याची पोच. चौथं, बहिणींची नावं सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आहेत की कुठेच नाहीत. इतर हक्कात असतील तर भावाने त्यांचा संबंध मान्य केला होता असं म्हणायला जागा मिळते.

फेरफार हा मालकीचा दस्त नाही, तो सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. तेव्हा नाव लागलं नाही एवढ्याने हक्क जात नाही. पण नोटीस मिळूनही तुम्ही गप्प बसलात, तर "तेव्हाच कळलं होतं" म्हणायला समोरच्याला तोच कागद उपयोगी पडतो.

तारखांचा तक्ता करा

एका कागदावर फक्त तारखा लिहा. कोण केव्हा वारलं, कोणता फेरफार कधी झाला, शेवटचं धान्य किंवा पैसे कधी आले, पहिल्यांदा हिस्सा कधी मागितला, काय उत्तर मिळालं, कुठे सही केली, कुणी काय विकलं. एक उदाहरण घेऊ. नावं नकोत, नाती पुरेत.

वडील १९९८ साली वारले. १९९९ मध्ये फेरफार होऊन थोरल्या भावाचं नाव लागलं. बहीण सासरी; दर सुगीला भाऊ दोन पोती ज्वारी पाठवायचा, २०१४ पर्यंत. २०११ मध्ये "सोसायटीच्या कर्जाला सही पाहिजे" म्हणून भावाने तिला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं, तिने सही केली, फोटो निघाला, अंगठा झाला. २०१६ मध्ये तिने वकिलामार्फत नोटीस देऊन हिस्सा मागितला. १२ जून २०१६ रोजी तिच्या हातात उत्तर पडलं: तुमचा या मिळकतीशी काहीएक संबंध नाही, तुम्ही २०११ सालीच नोंदणीकृत हक्कसोड करून दिली आहे. २०१९ मध्ये भावाने दोन एकर विकून खरेदीदाराला ताबा दिला.

गावातला जाणकार हिशेब करतो: वडील १९९८ ला गेले, बारा वर्षं २०१० ला संपली, दावा मेला. हे चूक. वडिलांच्या मृत्यूने मुदत सुरू होत नाही. २०१४ पर्यंत ज्वारी येत होती, म्हणजे तिला वगळलं असं कुणी म्हणू शकत नाही. तालुक्याचा जाणकार सांगतो: नकार २०१६ चा, म्हणून २०२८ पर्यंत निवांत. हे अर्धं बरोबर आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे. अनुच्छेद ११० ची बारा वर्षं १२ जून २०२८ ला संपतात हे खरं; पण वाटेत तिच्याच सहीचं हक्कसोडपत्र उभं आहे. ते रद्द करून घेतल्याशिवाय वाटप मागता येत नाही आणि दस्त रद्द करायच्या दाव्याला अनुच्छेद ५९ प्रमाणे तीन वर्षं, वस्तुस्थिती कळल्यापासून. उदारपणे २०१६ धरलं तरी जून २०१९. समोरचा वकील तर म्हणणार की नोंदणीच्या दिवशी ती स्वतः हजर होती, मुदत २०१४ लाच संपली. दस्ताचं स्वरूपच फसवून सांगितलं म्हणून तो मुळात शून्य, असा युक्तिवाद असतो आणि मीही केला असता. पण ज्या लढाईत तीन वर्षांच्या आत सरळ मुद्दा होता, ती उशिरा गेल्यामुळे कसरतीची होते.

तक्त्यात आपल्या सहीची जी जी नोंद आहे, तिच्यापुढे "तीन" असा आकडा लिहायची माझी पद्धत आहे ती यासाठीच.

वगळणं कशाला म्हणायचं

अनुच्छेद ११० आणि ६५ दोन्हींचा जीव या प्रश्नात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणापासून धरलेलं सूत्र असं की एका सहवारसाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा. तो विरुद्ध ठरायला नुसता एकट्याने उपभोग पुरत नाही, दुसऱ्याचा हक्क उघड नाकारून, त्याला कळेल अशा रीतीने, आपला एकट्याचा हक्क सांगितलेला हवा.

म्हणून तुम्ही नोकरीसाठी मुंबईला गेलात आणि भाऊ जमीन कसत राहिला, तर ते वगळणं नाही. त्याने सारा भरला, विहीर पाडली, सोसायटीचं कर्ज काढलं, एकट्याचं नाव सातबाऱ्यावर राहिलं, तुम्हाला वीस वर्षं धान्य पाठवलं नाही. यातल्या कशानेही एकट्याने घड्याळ सुरू होत नाही. सुरू होतं ते लेखी नकाराने, दुसऱ्या एखाद्या दाव्यातल्या कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) "ही मिळकत माझ्या एकट्याची" असं तुमच्या समक्ष लिहिल्याने, तुम्हाला बाजूला ठेवून बाकीच्यांनी उघड वाटून घेतल्याने आणि ते तुम्हाला माहीत असल्याने, किंवा अख्खी मिळकत विकून खरेदीदाराला ताबा दिल्याने. जो मुदत संपल्याचं म्हणतो त्यालाच बहुधा हे शाबीत करावं लागतं. मात्र एकदा बारा वर्षं खरोखर पूर्ण झाली, तर मुदत कायद्याच्या कलम २७ मुळे कब्जा मागायच्या दाव्याबरोबर मिळकतीतला हक्कही संपतो, हे लक्षात ठेवा.

भावाने परस्पर विकलं असेल आणि दस्तावर तुमची सही नसेल, तर तो दस्त रद्द करून घ्यायची गरज नाही. तो माझ्या हिश्श्यावर बंधनकारक नाही एवढं वाटपाच्या दाव्यातच मागतात आणि खरेदीदाराला प्रतिवादी करतात. समोरून तरीही अनुच्छेद ५८, म्हणजे हक्क ठरवून मागण्याच्या दाव्याची तीन वर्षं, पुढे केली जातेच. न्यायालयं वाटपाच्या दाव्यात मुख्य मागणी कोणती ते पाहतात. पण उगाच तो वाद का ओढवून घ्या? विक्री कळली की तीन वर्षांच्या आत कोर्टात असावं, हा माझा सल्ला.

वडिलांनी वडिलोपार्जित जमीन विकली आणि मुलगा ती विक्री फिरवू पाहतो, त्याला अनुच्छेद १०९ लागतो: खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून बारा वर्षं. कुटुंबाच्या गरजेसाठी, आजारपण, लग्न, जुनं कर्ज यासाठी विक्री झाली असेल तर मुदतीत जाऊनही ती टिकते.

अज्ञानांचं गणित

विक्रीच्या वेळी मुलगा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर मुदत कायद्याची कलम ६ आणि ८ एकत्र वाचायची. लोक समजतात, अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा बारा वर्षं मिळतात. नाही; जास्तीत जास्त तीन. ताबा गेला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा असेल तर बारा वर्षं त्याच्या पंधराव्या वर्षी संपतात, म्हणून त्याला एकविसाव्यापर्यंत मिळतात. तो दहा वर्षांचा असेल तर बारा वर्षं बाविसाव्या वर्षी संपतात. तेच नंतरचं, म्हणून बावीस. सज्ञान थोरला भाऊ कुटुंबाचा कारभार खरोखर पाहत असेल तर कलम ७ मुळे धाकट्यांची ही सवलतही अडचणीत येते. आईने पालक म्हणून अज्ञानाची स्वतंत्र मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं, अनुच्छेद ६०. एकविसावा वाढदिवस ही शेवटची तारीख समजून चालावं.

मुदत वाढते कशाने, आणि कशाने वाढत नाही

दाव्याला उशीर माफीचा अर्ज चालत नाही. मुदत कायद्याचं कलम ५ अपिलांसाठी आणि अर्जांसाठी आहे. शिवाय कलम ३ प्रमाणे प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो.

भावाने मुदत संपायच्या आत तुमचा हिस्सा लेखी, सहीनिशी कबूल केला असेल, तर कलम १८ प्रमाणे त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. "पुढच्या दिवाळीत बसून वाटून घेऊ, तुझा चौथा हिस्सा कुठे जात नाही" असं पोस्टकार्ड कुणाच्या ट्रंकेत सापडलं, तर ते प्लास्टिकच्या पाकिटात घाला. फसवणूक असेल तर कलम १७: ती कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळली असती तेव्हापासून. या "कळली असती" मध्ये नोंदणीकृत दस्त अडकतात, कारण नोंदणी झाली की माहिती झाली असं धरण्याकडे कल असतो.

कोरोनाच्या काळाची एक सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदत मोजताना वगळला जातो. ते ७१६ दिवस होतात. तुमच्या मुदतीच्या पोटात तो काळ येत असेल तर हिशेबात घ्या, पण दावा टाकायचा दिवस त्यावर ठरवू नका. ती सूट अडचणीत वापरायची.

वाढत नाही ते असं: वकिलाची नोटीस, पोलिसांत तक्रार, तंटामुक्ती समितीची बैठक, मामांनी केलेली मध्यस्थी. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली खातेफोडीचा (हिश्श्याप्रमाणे खाती वेगळी करण्याचा) अर्ज केला, तरी दिवाणी मुदत थांबली असं धरू नका. ते वाटप मुळात सगळ्यांच्या संमतीचं. कुणी हक्कच नाकारला तर दिवाणी कोर्टात जा म्हणून सांगतात, आणि तोपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) आरटीएस अपील, म्हणजे महसुली नोंदीविरुद्धचं अपील, करायचं तर ६० दिवस. तिथे उशीर माफ होऊ शकतो. अपील जरूर करा, पण ते नोंदीपुरतं असतं.

नोटीस द्यायची की नाही

यावर वकिलांतही दोन मतं आहेत. माझं असं: दावा टाकायची तयारी नसेल तर नोटीस देऊ नका. मागणी केली की नकार येतो, नकार आला की घड्याळाला पक्की तारीख मिळते. नोटीस देऊन दहा वर्षं गप्प बसलेले पक्षकार स्वतःच्याच नोटिशीने अडचणीत येतात.

द्यायची असेल तर शब्द जपा. रागाच्या भरात असं लिहिलं जातं: "वडील वारल्यापासून गेली वीस वर्षे तुम्ही मला हिस्सा देण्यास नकार देत आहात." लिहिणाऱ्याला वाटतं अन्याय ठसठशीत मांडला. प्रत्यक्षात त्याने वीस वर्षांपूर्वी वगळल्याचं आणि ते माहीत असल्याचं लेखी कबूल केलं. हेच वाक्य वादपत्रात उतरलं तर प्रतिवादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली वादपत्रच फेटाळण्याचा अर्ज देतो, आणि त्या अर्जावर कोर्ट फक्त वादपत्र वाचतं. तुमचे पुरावे बघायची वेळच येत नाही. वस्तुस्थिती तशी असेल तर साधं एवढं पुरतं: "सदर मिळकत आजही अविभक्त असून तीत माझा चौथा हिस्सा आहे. आपण ती आम्हा सर्वांच्या वतीने वहिवाटत आहात. तरी सरस-निरस मानाने वाटप करून माझ्या हिश्श्याचा स्वतंत्र कब्जा द्यावा." मात्र नकार खरोखर जुना असेल तर तो लपवून नवी तारीख रचू नका. उलटतपासात ती तासाभरात पडते.

दावा दाखल करताना

सगळ्या मिळकती आणि सगळे हिस्सेदार एकाच दाव्यात हवेत. गावाकडची जमीन घेतली आणि तालुक्याचा प्लॉट सोडला, किंवा मयत बहिणीची मुलं घेतली नाहीत, की अर्धवट वाटपाची हरकत ठरलेली. वंशावळ चार पिढ्यांची काढा. विसरलेली आत्या बहुतेक दुसऱ्या पिढीत सापडते. वादपत्रात "दाव्याचे कारण" या परिच्छेदात नेमकी तारीख, प्रसंग आणि ठिकाण लिहा. कोर्ट फी आपल्या हिश्श्याच्या मूल्यावर लागते. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना ती माफ आहे, तिचा आधार वादपत्रातच घ्या. सोबत मनाई हुकमाचा अर्ज, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुंबईतल्या मिळकतीला तर ती लागतेच. मागच्या उत्पन्नातला हिस्सा मागायचा असेल तर साधारण तीन वर्षांपलीकडचा मिळत नाही.

दावा चालू असतानाच्या तारखा

वाटपाचे दावे लांबतात आणि त्या काळात माणसं जातात. पक्षकार मयत झाला की त्याचे वारस रेकॉर्डवर आणायला ९० दिवस. ते चुकले तर दावा त्याच्यापुरता आपोआप संपतो आणि तो जिवंत करायला पुढचे ६० दिवस. गावातल्या मयताची बातमी वकिलाला पक्षकारच देऊ शकतो. तारखेला कुणी हजर नाही म्हणून दावा काढून टाकला तर ३० दिवसांत अर्ज. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो उठवायलाही ३० दिवस, समन्स नीट बजावलं नसेल तर कळल्यापासून. निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९०. निकालाच्या नकलेसाठी लागलेले दिवस वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका.

वाटपाच्या दाव्यात निकाल दोन टप्प्यांत येतो. प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरतात. कुणाला कोणती बाजू, विहीर कुणाकडे, रस्ता कुठून, हे अंतिम हुकूमनाम्यात. अंतिम हुकूमनाम्याच्या अर्जाला मुदत लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात स्पष्ट केलं, आणि २०२२ मध्ये तर असंही सांगितलं की खालच्या कोर्टांनी स्वतःहूनच पुढचं काम लावावं. साराबंदी (सरकारला सारा भरणाऱ्या) शेतजमिनीचं वाटप मोजणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथे फाईल वर्षानुवर्षं पडून राहते, तेव्हा पाठपुरावा आपला आपण करायचा.

अंतिम हुकूमनामा झाल्यावर पुन्हा एक घड्याळ चालू होतं: दरखास्तीला, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाला, बारा वर्षं, अनुच्छेद १३६. हा हुकूमनामा मुद्रांकावर उतरवून घ्यावा लागतो आणि तो खर्च कुणी करायचा यावर भावंडांची पुन्हा वर्षं जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये चिरंजीलाल प्रकरणात सांगितलं की बारा वर्षं हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजायची, मुद्रांक भरल्याच्या तारखेपासून नाही. मुद्रांकाचे पैसे एकट्याने भरावे लागले तरी भरा, दरखास्त लावा, आणि भावंडांकडून त्यांचा वाटा नंतर मागा.